मथुराबाईची अक्का

पौष वद्य तृतीया, सन १९४६. जागा पुसेगाव, आमच्या घराची ओसरी. दुपारची जेवणं उरकल्यानंतरची वेळ.

हजर: गोरेगावचा गंगाराम सोनार. गोरेगावचीच एक म्हातारी, तिची सून रुक्मिण आणि सुनेच्या मांडीवर तान्ही पोर. आमचे शेजारी लिंबाजीभाऊ, त्यांची दुसरी बायको मथुराबाई, आणि मी. लिंबाजीभाऊंच्या पहिल्या बायकोची मुलगी कौसा दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. तिला कुणी बोलावलं नव्हतं, पण निकाल तिच्यावरूनच लागला, म्हणून तिलाही हजर धरते.

मध्ये पाट, पाटावर चांदीचा एक टाक. दुसरा टाक मथुराबाईच्या गळ्यात. भांडण त्या दोन टाकांचं होतं.

कोण आलं, काय घेऊन गेलं, काय परत आणलं, हे टिपून ठेवायची मला सवय आहे. माझे वडील वाशीमला मास्तर. त्यांनी लिहायला शिकवलं. लग्न होऊन इथे आले तेव्हा गावच्या पंगतीची भांडी आमच्या सासऱ्यांच्या ताब्यात होती, ती पुढे माझ्याकडे आली. पातेली, पराती, झारे, पाण्याची पिंपं. कुणाच्या बारशाला काय गेलं आणि त्यातलं काय चेपून परत आलं, हे मला सांगावं लागतं. गावानं त्यावरून मला मास्तरीण म्हणायला सुरुवात केली. भांडं मागायला येणारा प्रत्येक माणूस भलाच दिसतो. म्हणून मी माणसाचं तोंड बघत नाही, परत आलेल्या पातेल्याचं बूड बघते.

देवाधर्माकडेही मी अशीच बघत आले. नवस बोलणारी बाई दिसली की मला आधी प्रश्न पडतो, हिचं काय दुखतंय? दुखणं सापडलं की तिच्या देवाचा उलगडा होतो, असं माझं मत. ज्या घरात धान्याची कणगी भरलेली असते तिथे देव वर्षातून एकदा जेवतो. ज्या घरात काही ना काही बिनसलेलं असतं तिथे तो रोज पाटावर. मत पक्कं होतं. मथुराबाईनं ते मोडलं असं मी म्हणणार नाही. पण तिनं त्याला पोचा आणला, आणि तो अजून निघालेला नाही.

मथुराबाई लिंबाजीभाऊंच्या घरात आली ती पस्तीस सालच्या उन्हाळ्यात. अंगानं काटक, कपाळ मोठं, आणि बोलताना समोरच्याकडे न बघता त्याच्या खांद्यावरून मागे बघायची, जणू तिथेही कुणी उभं आहे. घरात मेंढरं होती, थोडी जमीन होती, आणि रांगणं सोडून नुकती चालायला लागलेली कौसा होती. कौसाची आई सरूबाई आदल्या वर्षी तापानं गेलेली.

आमच्याकडे दुसरेपणावर आलेल्या बाईच्या गळ्यात पहिलीचा टाक घालतात. चांदीचा लहानसा पत्रा, त्यावर ठशानं उठवलेली बाईची आकृती, वर भोक पाडून काळ्या दोऱ्यात ओवलेला. नवं लुगडं आधी त्या टाकाला दाखवायचं, मग नेसायचं. सणाचा पहिला घास तिला. पहिलं कुंकू तिला. बहुतेक बाया हे सगळं घाईनं उरकतात. गळ्यातली सवत म्हणजे न दिसणारी सासू. काही जणी तर टाक चोळीच्या आत असा ढकलून देतात की सणासुदीलाच वर येतो.

मथुराबाईनं पहिल्याच आठवड्यात तिला अक्का म्हणायला सुरुवात केली.

आणि ती तिच्याशी बोलायची. हळू नाही. धुणं धुताना, जात्यावर, मेंढरांच्या लेंड्या गोळा करताना. "अक्का, बघ गं, ह्या मानसानं पुन्हा दोर कुठं टाकला." "अक्का, आज कौसा काहून किरकिर करून राहिली? तुझं लेकरू, तूच सांग." आमच्या दोन घरांमध्ये कुडाची भिंत. मला सगळं ऐकू यायचं, आणि ऐकू आलेलं सोडून देणं मला जमत नाही.

माझा पहिला संशय लुगड्यावरून. लिंबाजीभाऊ हिंगोलीच्या बाजारातून दिवाळीचं लुगडं घेऊन आले. मातकट रंगाचं, जाडंभरडं. पुढे मला कळलं की दुकानदाराचं वर्षभर पडून राहिलेलं होतं ते. मथुराबाईनं ते दोन्ही हातांनी गळ्याजवळ धरलं, मान खाली घातली आणि थांबली. लिंबाजीभाऊही थांबले. मग तिनं लुगडं घडी करून त्यांच्या हातात दिलं.

"अक्का नगं म्हनती."

"काय नगं?"

"ह्यो रंग. म्हनती, मी जित्ती व्हते तवा बी मला असलाच आनला व्हता."

लिंबाजीभाऊंचा चेहरा मला कुडाच्या फटीतून दिसला. माणूस साधा, पण पहिल्या बायकोला काय नेसवलं होतं हे त्यांना आठवत असावं. दुसऱ्या बाजाराला लुगडं परत गेलं आणि हिरवं आलं.

मी मनात नोंद केली: अक्काची आवड आणि मथुराबाईची आवड एकच आहे. पुढे पुढे अक्काची मतं वाढत गेली. ऐन पावसात मेंढरांमागं कौसाला रानात न्यायचं नाही, असं अक्का म्हणायची. घरातली शेवटची ज्वारी विकायची नाही, असंही अक्काच म्हणायची. मथुराबाई स्वतः कधी कशाला नाही म्हणाली, असं मला आठवत नाही. घरातला प्रत्येक नकार मेलेल्या बाईच्या नावावर होता, आणि मेलेल्या बाईशी वाद घालायला लिंबाजीभाऊ तयार नव्हते.

एकदा आम्ही दोघी अंगणात शेंगा फोडत बसलो होतो. मी सरळ विचारलं, "मथुरे, खरं सांग. ती बोलते की तू बोलतेस?"

"तुमाला काय वाटतं?"

"मला वाटतं तूच बोलतेस. तुला नाही म्हणायची भीती वाटते, म्हणून तिला पुढे करतेस."

तिला राग आला नाही. शेंग फोडली, दाणे सुपात टाकले. "तुमी गावच्या पातेल्यावर नाव कोरून घेता ना?"

"घेते."

"पातेलं काय वाचून राहिलं का त्ये? पर घरी तर बराबर येतं."

मी म्हटलं, "ते नाव माणूस वाचतो, पातेलं नाही."

"मग झालं की," ती म्हणाली आणि हसली. कोण वाचतं आणि कोण पातेलं, हे तिनं सांगितलं नाही.

मग खंडू झाला. लग्नाला बरीच वर्षं उलटून गेल्यावर झालेला. मथुराबाई त्याला पाळण्यात ठेवून रानात जायची तेव्हा टाक दोऱ्यासकट काढून पाळण्याच्या दोरीला बांधायची. "ह्याच्याकडं बघ गं. मी आलेच." आल्यावर पुन्हा गळ्यात. मला हे दिसलं की हसू यायचं. राखणीला बाई ठेवायची तर पगार पडतो, ही फुकटात, असं मी एकदा बोललेही. ती म्हणाली, "फुकटात कुठं, तिची पोर मी बघून राहिले ना."

चव्वेचाळीसच्या पावसाळ्यात गावात पटकी आली. आमच्या वाड्यावस्त्यांतून माणसं गेली. खंडूला सकाळी जुलाब सुरू झाले आणि दिवस मावळायच्या आत तो गेला. मी मीठसाखरेचं पाणी करून नेलं होतं. ते तसंच वाटीत राहिलं.

दुःखाच्या घरी काय बोलतात ते सगळं त्या घरात बोललं गेलं. देवाला आवडला. त्याचं तेवढंच देणं होतं. पिंपळाखाली उतरलेले एक बुवा आले, त्यांनी मागच्या जन्माचं काही सांगितलं, आणि जाताना शिधा घेऊन गेले. मथुराबाई भिंतीला टेकून ऐकत होती. बुवा गेल्यावर ती उठली. गळ्यातला दोरा दोन्ही हातांनी तोडला. स्वयंपाकघरातल्या मिठाच्या मडक्याचं झाकण काढलं आणि टाक आत खुपसला.

"बस तिथं," ती म्हणाली. "तुला राखन दिली व्हती."

मी तिथे होते. मला तेव्हा वाटलं, बरं झालं. देवावर राग काढायचा तर देव कुठे आहे हे कुणाला ठाऊक? हिची अक्का निदान हाताखाली आहे, मडक्यात कोंडता येते. रडण्यापेक्षा रागावणं बरं, माणूस उभा तरी राहतो. माझा हिशेब असा होता, आणि तो चुकला. मथुराबाई उभी राहिली नाही. अक्का मडक्यात गेली आणि मथुराबाई भिंतीकडे तोंड करून अंथरुणावर. कौसा भाकरी थापायला लागली, जाड आणि एका बाजूला कच्ची. मी आंबील नेऊन द्यायची, ती दोन घोट घेऊन वाटी सरकवायची. सगळ्यांत वाईट म्हणजे ती शेजारच्या घरात गप्प होती. इतकी वर्षं कुडाच्या पलीकडून येणारा आवाज मला नको असायचा. आता तो येत नव्हता तर मी कान लावून बसायची.

लिंबाजीभाऊंनी विचारल्याशिवाय अर्धी मेंढरं विकली. नाही म्हणायला घरात कुणी उरलं नव्हतं.

घटस्थापना जवळ आली तेव्हा त्यांनी मडक्यातून टाक काढला. मिठानं चांदी काळी ठिक्कर पडली होती. नवरात्राआधी सगळ्यांचेच टाक उजळायला जातात. गंगाराम सोनार बाजाराच्या दिवशी पुसेगावला पेटी घेऊन बसायचा, गावोगावचे टाक गोळा करायचा आणि पुढच्या बाजाराला चकचकीत करून परत द्यायचा. लिंबाजीभाऊंनी टाक दिला, पुढच्या बाजाराला घेतला, नव्या काळ्या दोऱ्यात ओवला. कौसानं तो झोपलेल्या आईच्या गळ्यात बांधला.

थोड्या वेळानं मला कुडापलीकडून हाक आली. "मास्तरीणबाई! या, लवकर या!"

ती उठून बसली होती. टाक तळहातावर.

"अक्कानं उचललं त्याला."

मी बघितलं. टाकावरच्या बाईच्या कडेवर मूल होतं. डोकं, एक हात, आणि बाईच्या कमरेला वेढलेले इवलेसे पाय.

सरूबाईचा टाक मी पाहिलेला होता, पाळण्याच्या दोरीला लटकलेला, रोज. त्यावरच्या बाईचे दोन्ही हात खाली सोडलेले होते. आणि भोक डावीकडे सरकलेलं, कारण पहिलं भोक फाटल्यावर शेजारी दुसरं पाडलं होतं. ह्या टाकाचं भोक अगदी मध्यावर. मी ते तिला दाखवलं. दाखवायला नको होतं असं आज कुणी म्हणेल. पण माझी तशी रीत आहे.

"मथुरे, भोक बघ. तुझ्याचं एका बाजूला होतं."

तिनं टाक उलटसुलट केला. "मास्तरीणबाई," ती म्हणाली, "मेलेली बाई लेकरू उचलून घेती, तर भोक सरकवायला तिला किती येळ?"

ती थट्टा करत होती की नाही, हे मला त्या दिवशी कळलं नाही. संध्याकाळी तिनं चूल पेटवली. रात्री लिंबाजीभाऊंना ऐकू आलं की राहिलेली मेंढरं विकायची नाहीत, अक्का नको म्हणते.

मला संशय आधी सोनाराचा आला. पुढच्या बाजारी मी त्याला विचारलं, लिंबाजीच्या टाकाला काय केलंस? "उजळला, बाई. चिंच लावली, राख लावली. दुसरं काय करनार?" त्याच्या तोंडावर काही दिसलं नाही. मग संशय मथुराबाईचा. इतकी वर्षं गळ्यात घातलेली वस्तू बाई ओळखत नाही? तिला पहिल्या क्षणालाच कळलं असणार की ही आपली अक्का नाही. कळूनही तिनं डोळे मिटून घेतले असणार, कारण डोळे मिटल्यावर उठता येत होतं. माझं जुनं मत मला पुन्हा खरं वाटायला लागलं: तिथे कोण आहे याला महत्त्व नाही, टेकायला काहीतरी असलं म्हणजे झालं. खुंटी कुणाचीही चालते.

हे मत घेऊन मी वर्षभर खुशाल होते. आणि मग पौष वद्य तृतीयेला गोरेगावची बैलगाडी आमच्या दारात उभी राहिली.

भांडी सगळ्या गावाची, म्हणून आमची ओसरी कुणा एकाची धरत नाहीत. तंटा तिथेच बसतो. म्हातारीनं बसल्याबसल्या तोंड सोडलं. तिच्या मुलाची पहिली बायको बाळंतपणात गेली, पोटचं मूलही गेलं. म्हणून गंगारामानं तिचा टाक मूल घेतलेल्या ठशावर उठवला होता. दुसरी सून रुक्मिण. आता रुक्मिणला मुलगी झाली आणि ती सारखी तापानं फणफणते. म्हातारीनं सुनेच्या गळ्यातला टाक ओढून बघितला, तर बाई आहे आणि मूल नाही.

"म्हनलं, सवतीचं लेकरू कुठं गेलं गं? काय केलंस त्याचं? ह्या भवानीनंच काही करनी केली आसंल. आता ती मेलेली हिच्या पोरीला धरून राहिली, तर मी काय करू?"

रुक्मिण मांडीवरच्या पोरीला थोपटत होती. वर बघत नव्हती. तिच्या मनगटावर कुणीतरी धरून पिळल्याचे वळ होते, ते मी बघितले आणि म्हातारीनं मी बघितलेलं बघितलं.

गंगारामानं पाटावरच्या टाकाला हात जोडले. "चूक माझी हाय. त्या वक्ताला पेटीत लई टाक व्हते. दोन्ही काळे पडलेले, दोन्हीचे दोरे तुटलेले. उजळून झाल्यावर हातानं इकडचं तिकडं केलं. कुनाची काही करनी न्हाई. मी म्हातारीला सांगून थकलो."

"काढ गं मथुरे," लिंबाजीभाऊ म्हणाले. "त्यांचा त्यांना देऊन टाक."

मथुराबाईनं हात गळ्याशी नेला आणि तिथेच ठेवला. मूठ बंद. मला वाटलं, आता ही देणार नाही. कुणी तिच्या हातातून खंडू दुसऱ्यांदा काढून घेत असल्यासारखी ती बसली होती. म्हातारीनं आवाज चढवला तरी तिनं तिकडे बघितलं नाही. ती रुक्मिणकडे बघत होती, आणि पहिल्यांदाच खांद्यावरून मागे नाही, सरळ तोंडाकडे.

"बाई, माझी अक्का तुझ्याकडं व्हती. कशी वागली?"

रुक्मिण दचकली. मग हळू म्हणाली, "मी नवी व्हते. मला बोलाया कुनी न्हवतं. तिला सांगायची समदं. ऐकून घ्यायची."

"काही बोलली न्हाई?"

"न्हाई. नुसती ऐकायची."

"तसंच हाय तिचं," मथुराबाई म्हणाली. "बोलती ती मीच."

मी हे ऐकलं. बाकीच्यांचं लक्ष नसेल, पण मी ऐकलं. कित्येक वर्षांपूर्वी शेंगा फोडताना विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर तिनं परक्या बाईला सहज देऊन टाकलं.

"तुला ठावं व्हतं का गं, ही तुझी न्हाई म्हनून?"

"व्हय," रुक्मिण म्हणाली. "पर भ्याले. सांगितलं असतं तर मलाच..." तिनं सासूकडे बघितलं नाही, बघायची गरज नव्हती.

"मला बी ठावं व्हतं," मथुराबाई म्हणाली.

आणि तिनं दोरा डोक्यावरून काढला. टाक रुक्मिणच्या हातात न देता तिनं स्वतः तिच्या गळ्यात घातला, पोरीच्या कपाळाला लावला, आणि म्हातारीकडे वळली. "आत्याबाई, बघा, लेकरू कडेवर हाय. समदं जागच्या जागी आलं. आता पोरीला ताप आला तर दवाखान्यात न्या. सुनेचा हात पिळू नगा. पुन्हा पिळला तर माझी अक्का तुमच्या घरचा रस्ता वळखती, वरीसभर राहून आलीय."

म्हातारीचं तोंड जे मिटलं ते गाडीत बसेपर्यंत उघडलं नाही. गंगाराम खाली मान घालून हसला. मीही हसले असते, पण मथुराबाईनं पाटावरचा आपला टाक उचलला होता. हात सोडलेली, रिकाम्या कडेची बाई.

"सोनारकाका, हिच्या कडेवर लेकरू घाला."

"नवा ठसा मारावा लागंल. चांदी हीच राहील, पत्रा पुन्हा ठोकायचा. पर..." तो अडखळला.

"पर काय?"

त्याच्या ऐवजी लिंबाजीभाऊच बोलले. "कडेवर लेकरू म्हंजे मायसंगं गेलेलं लेकरू. सरूचं लेकरू त्ये बघ, दारात हाय."

सगळ्यांनी कौसाकडे बघितलं. बाराएक वर्षांची पोर, परकर आखूड झालेला, हातात शेळीचं दावं. सरूबाईच्या टाकावर मूल उठवलं तर बघणारा प्रत्येक जण ते कौसाचंच समजणार. जिवंत पोरीला मेलेल्या आईच्या कडेवर बसवायचं, याहून मोठा अपशकुन आमच्याकडे नाही.

"माय, घाल की," कौसा म्हणाली. "मी काही मरत न्हाई."

"गप! जबान आवर," मथुराबाई ओरडली. तिला ओरडताना मी तेवढंच एकदा ऐकलं.

त्यानंतर मी पुष्कळदा विचार केला. श्रद्धा म्हणजे दुखऱ्या जागेवर बांधायचं फडकं, एवढंच असतं तर त्या दिवशी फडकं समोर होतं. सोनार तयार होता, चांदी हातात होती, पोरगीही हो म्हणत होती. ज्या मुलासाठी ती वर्षभर खोट्या अक्काला खरी मानून जगली, ते मूल आता खऱ्या अक्काच्या कडेवर बसलं असतं. तिनं ते मागे सारलं, आणि कशासाठी? मी ज्याला कवडीची किंमत देत नाही अशा एका अपशकुनासाठी. ज्यानं तिला आधार मिळत होता त्यानंच तिचा हात अडवला, आणि तिनं तो अडवू दिला. माझ्या मताला पोचा आला तो इथे.

पण माझा स्वभाव जात नाही. कधी वाटतं, तिनं शकुनबिकुन काही बघितलं नाही. तिनं कौसाचं लग्न बघितलं. अशा टाकाची बातमी चार गावांत गेली असती तर त्या पोरीला कुणी मागणं घातलं नसतं. मग हे श्रद्धेचं होतं की व्यवहाराचं? मी तिला विचारलं नाही. विचारलं असतं तर तिनं पुन्हा पातेल्याचं काहीतरी सांगितलं असतं.

तिनं टाक गळ्यात घातला नाही. फडक्यात बांधून माझ्यासमोर धरला.

"तुमी सांभाळा. तुमच्याकडून गावचं भांडं गहाळ होत न्हाई. रिकाम्या कडेची मला बघवत न्हाई. कौसाचं लगीन झालं, ती दुसऱ्या कुळात गेली, की मग अक्काच्या कडेवर कुनी बी असलं तरी तिला बाधत न्हाई. तवा लेकरू घालून आना."

मी टाक भांड्यांच्या खोलीत फळीवर ठेवला. तिथून एक विचित्र प्रकार सुरू झाला. मथुराबाई खोलीच्या दाराशी यायची, आत यायची नाही. "अक्काला म्हनावं, कौसाला मागनं आलंय. पैनगंगेपल्याडचं हाय. पोरगा शेती करतो. विचारा." मी आत जायची. पराती एकात एक घालायची, झारे खुंटीला नीट लावायची आणि बाहेर यायची.

"काय म्हनली?"

"बरं आहे म्हणाली."

"घराण्याचं काही बोलली?"

"सासू कशी आहे ते बघून घ्या म्हणाली."

मथुराबाई मान हलवायची, अक्काचं म्हणणं बराबर आहे अशी, आणि जायची. सासूचं मी माझ्या मनानं सांगितलं होतं, रुक्मिणचे वळ आठवून. माझ्या तोंडून कोण बोललं, असं तिनं मला एकदाही विचारलं नाही. विचारलं असतं तर मी काय सांगणार होते, कोण जाणे.

कौसाचं लग्न सत्तेचाळीसच्या वैशाखात झालं. नदीपल्याड, वऱ्हाडात. सासू बघून घेतली होती. पंगतीची भांडी माझ्याच देखरेखीत गेली आणि सगळी परत आली.

लगेच गोरेगावला जायचं ठरवलं होतं. पण पेरण्या आल्या, आणि पेरण्या संपेपर्यंत दिवस बदलले. नदीअलीकडे आमचं संस्थानी राज्य, त्यात हत्यारबंद टोळ्या फिरायला लागल्या. रस्त्यावर कोण कुणाला अडवील याचा भरवसा राहिला नाही. सोनाराची पेटी बाजारात दिसेनाशी झाली. चांदी अंगावर घेऊन कोण फिरणार? मग कळलं की गंगाराम बायकोमुलांना घेऊन, ठसे गोणीत बांधून, वऱ्हाडात कुठल्याशा पाहुण्याकडे गेला. कुठल्या, ते गोरेगावात कुणाला ठाऊक नव्हतं.

अठ्ठेचाळीसच्या उन्हाळ्यात लिंबाजीभाऊंनीही मेंढरं नदीपल्याड न्यायचं ठरवलं. कौसाच्या गावाकडे. बऱ्याच जणांनी तसं केलं. निघण्याच्या दिवशी सकाळी मथुराबाई दाराशी आली. डोक्यावर गाठोडं, कमरेला पदर खोचलेला. मी फडकं उघडून टाक तिच्यापुढे धरला.

"घेऊन जा. तिकडे सोनार असतील. तुझी तू करून घे."

तिनं बघितलं. हात पुढे आला आणि गळ्याशी गेला, जिथे दोरा असायचा तिथे. नुसतं मंगळसूत्र होतं. तिनं ते चाचपलं.

"न्हाई, मास्तरीणबाई. वाटंत नदी हाय, मानसं कसली भेटतील सांगता येत न्हाई. तुमच्याकडं निर्धास्त हाय ती. लेकरू घेऊनच पाठवा." मग खोलीच्या अंधाराकडे तोंड करून म्हणाली, "अक्का, येते गं. ह्यांच्याशी भांडू नगं. मनानं चांगल्या हायेत, नुसत्या मोजत राहत्यात."

गावाबाहेरच्या वळणापर्यंत मी गेले. पुढे लिंबाजीभाऊ, मग मेंढरं, सगळ्यांत मागे ती. एक कोकरू मागे पडलं, दोनतीन दिवसांचं असेल. धनगर माणूस कोकराचे पाय धरून ते खांद्यावर टाकतो. ती वाकली, तिनं ते उचललं, आणि कडेवर घेतलं. धूळ फार होती. त्यापुढचं मला दिसलं नाही.

त्यानंतर भेट नाही. ती तिकडेच आहे, बरी आहे, असा निरोप कौसाच्या नवऱ्याकडून एकदा आला. सोबत विचारणा: काम झालं का?

त्याच वर्षी भादव्यात संस्थान गेलं, राज्य बदललं, रस्ते मोकळे झाले. मी हिंगोलीच्या सोनारांकडे दोन फेऱ्या केल्या. त्यांच्याकडे खंडोबाचे ठसे आहेत, देवीचे आहेत, नुसत्या बाईचे आहेत. कडेवर मूल घेतलेल्या बाईचा ठसा कुणाकडे नाही. एकानं टाक हातात घेऊन विचारलं, "ही तुमची कोण?" मी शेजारीण म्हणाले.

सणाआधी पंगतीची भांडी चिंचेनं घासायला काढते, तेव्हा टाकही घासून घेते. मीठ लागू देत नाही.

राहिलेलं काम: गंगाराम सोनाराचा ठावठिकाणा काढणे. टाक एक, चांदी तीच, ठसा दुसरा. मूल डाव्या कडेवर.